डाळिंब: बाजाराला आणि घरालाही

सांगोला, आटपाडीकडे चांगला माल पेटीत जातो, तडकलेलं फळ बांधावर पडतं आणि घरची पोरं तशीच राहतात. तडकलेलं फळ त्याच दिवशी धुऊन, सोलून खावं. आत काळं पडलं असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर मात्र टाकावं. फवारणी केली असल्यास डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय फळ तोडू नये, घरासाठीसुद्धा नाही.

डाळिंबानं रक्त वाढतं, असं आपण म्हणतो. खरं पाहता त्यात लोह थोडंच. पण त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व बाजरीच्या भाकरीतलं, मेथीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. म्हणून दाणे जेवणाबरोबरच खावेत. रक्त कमी असलेल्या बाईनं दवाखान्यातल्या गोळ्या बंद करून नुसत्या डाळिंबावर भागवू नये.

रसापेक्षा दाणे बरे. चोथा पोटात गेला म्हणजे कोठा साफ राहतो. मधुमेहाच्या माणसानं रस टाळावा, दाणेही बेतानंच खावेत. अगदी लहान मुलाला दाणे ठेचून द्यावेत, घशात अडकतात. जंतावर मुळाची साल उकळून देतात, ती देऊ नका. ती विषारी ठरू शकते.