कागद-गिरणीचा गाळ आणि शेताची माती

सकाळी ज्या कागदावर बातम्या वाचावयाच्या, तो तयार होत असताना गिरणीतून आणखी एक पदार्थ तितक्याच नित्यनेमाने बाहेर पडत असतो. तो म्हणजे गाळ. हा टाकावा कोठे, ही गिरणीची चिंता. आणि जमिनीला कस आणावा कोठून, ही शेतकऱ्याची. दोन्ही चिंता परस्पर मिटतील असे वरवर दिसते. काही अंशी ते खरेही आहे. परंतु ‘गाळ’ या एका नावाखाली निरनिराळे पदार्थ वावरतात आणि त्यांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत.

लगदा धुताना व कागद ओढताना निसटलेले बारीक तंतू सांडपाण्याच्या कुंडात तळाशी बसतात. त्यांच्यासमवेत कागदात भरलेली चिनी मातीही असते. वाळूमय जमिनीत हा तंतुमय गाळ मिसळला की ती ओलावा अधिक काळ धरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अशाच जमिनीवर याचे दीर्घ प्रयोग झाले आहेत. मात्र ताजा गाळ घालून लगेच पेरणी केली, तर पीक बहुधा पिवळे पडते. सुपीक मातीत नत्राच्या एका भागास कर्बाचे १० ते १२ भाग असतात. तंतुमय गाळात ते १०० च्याही पुढे जातात. एवढा कर्ब पचविण्यास सूक्ष्म जीवांना नत्र लागते. ते गाळात नाही, म्हणून ते मातीतील उचलतात. पंक्तीला आलेल्या पाहुण्यांनी यजमानाचेच ताट रिकामे करावे, तसा हा प्रकार. ते जीव मेल्यावर नत्र मातीत परत येते, पण तोवर पिकाचे वाढीचे दिवस सरलेले असतात. यास्तव हा गाळ शेणाबरोबर, किंवा सांडपाण्याच्या जैविक शुद्धीकरणातून निघणाऱ्या नत्रयुक्त गाळाबरोबर, काही महिने कुजू द्यावा लागतो.

चुन्याचा चिखल ही अगदी वेगळी वस्तू. लाकूड वा बांबू शिजवून उरलेल्या द्रवातून दाहक सोडा परत मिळविताना चुनकळी वापरतात व त्या क्रियेत हा पांढरा चिखल निघतो. तो भाजून पुन्हा चुना करता येतो. परंतु बांबू आणि पेंढा यांतील सिलिका त्यात साठत गेल्याने ते काम अवघड होते. जांभ्याच्या आम्ल मातीला मात्र तो उपकारक आहे. मातीचा सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळे खुरटतात आणि स्फुरद अडकून पडते. चुना या दोन्ही गोष्टींना आवर घालतो. गोवा, कोकण आणि दांडेलीच्या गिरणीपासून फार दूर नसलेला खानापूर तालुका येथे पुष्कळ जमीन या जातीची आहे. तोच चिखल बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या रानात नेला तर? तेथे चुनखडी आधीच मातीत विखुरलेली. आणखी चुन्याने लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते. चिखल नीट धुतलेला नसल्यास त्यातील सोडा काळ्या जमिनीची चोपण करतो, आणि चोपण पुन्हा वाहीत आणणे किती कष्टाचे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

याहून मोठे भय विषाचे. क्लोरिनने लगदा विरंजित केला की क्लोरिनयुक्त कार्बनी संयुगे निर्माण होतात. ती असलेला गाळ भारताच्या २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यात गणला आहे. अमेरिकेतील मेन राज्यात शहरांचा व कागद-गिरण्यांचा गाळ वर्षानुवर्षे शेतांत खत म्हणून पसरला गेला. पुढे त्या माती-पाण्यात, इतकेच नव्हे तर गाईंच्या दुधातही, सहसा विघटन न पावणारी फ्लोरिनयुक्त रसायने आढळली. २०२२ साली त्या राज्याने असा गाळ शेतात पसरण्यास बंदी घातली. ज्यांच्या जमिनी त्याआधीच दूषित झाल्या, त्यांना ती उशिराच आली.

तेव्हा फुकट मिळते म्हणून ट्रॉली भरून आणण्यापूर्वी गाळ कोणत्या विभागातला, लगदा कशाने विरंजित केलेला आणि गाळाचे पृथक्करण कोठे झाले, हे गिरणीस विचारून घ्यावे. आपल्या मातीचा सामू तर आधीच तपासलेला असावा. अंतराचा हिशेबही करावा. तंतुमय गाळ गाळून-दाबून घेतला तरी त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते, आणि दूरच्या गावी भाडे द्यावे लागते ते मुख्यतः त्या पाण्याचे.