गाडीत न मावणारी लाट

धुळ्यात पांझरा ओलांडून देवपुरात आलं की संध्याकाळी एखादी तरी स्कॉर्पिओ अशी जाते, जिच्या बंद काचांआडून गाणं नाही, नुसती ढब-ढब ऐकू येते. आत अहिराणी लग्नगीत चालू असेल. पण काच आणि पत्रा उंच सूर अडवतात, खर्ज मात्र त्यांनाच हलवून बाहेर पडतो.

आतलं नवल त्याहून मोठं. सेकंदाला ४० कंपनांच्या खर्जाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. एसयूव्ही आतून जेमतेम तीन मीटर. लाट गाडीत मावतच नाही! मग ऐकू येतं ते काय? डिकीतल्या सबवूफरचा पडदा पुढे-मागे होतो तसा सगळ्या केबिनमधल्या हवेचा दाब एकदम चढतो-उतरतो, सायकलच्या पंपात दट्ट्या दाबल्यावर चढतो तसा. घराच्या हॉलमध्ये मवाळ वाटणारा सबवूफर गाडीत छाती हलवतो तो यामुळेच.

दाराचंही असंच. स्पीकर जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागेही, पण उलट्या दाबाचा. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. त्यांतून मागचा आवाज पुढे येतो आणि दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात. भोकं बंद करून पत्र्यावर डॅम्पिंग शीट चिकटवली की तोच जुना स्पीकर भारदस्त बोलू लागतो. शीट मात्र बुटाईल रबराची घ्या. डांबरी शीट खानदेशच्या मे महिन्यात पाघळते, वासही मारते.

पण माझ्या लेखी खरी कारागिरी दणक्यात नाही, वेळेत आहे. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या दाराचा स्पीकर त्याला डाव्यापेक्षा अर्धा मीटर तरी जवळ. तिथला आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्याशा फरकावरही मेंदू आधी आलेल्या बाजूलाच कौल देतो, हे हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ च्या प्रबंधात दाखवलं. त्यामुळे गायिका उजव्या दारात बसून गाते. मिस्त्री प्रोसेसरमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावतो, आणि ती उठून थेट डॅशबोर्डच्या मधोमध येते! शेजारी बसलेल्याचं मात्र आणखी बिनसतं. सात जण कोंबून सप्तशृंगीला निघालेल्या गाडीत ही मेजवानी एकाच सीटला.

आता वीज. ६०० वॅट घरच्या २३० व्होल्टवर तीन अँपिअरच्या आत भागतात. गाडीच्या १२ व्होल्टवर त्यालाच ५० अँपिअर लागतात. म्हणून बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत बोटाएवढी जाड तांब्याची वायर. ती कुठे पत्र्याला घासली तर आग लागू शकते, त्यामुळे फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरपाशी नाही, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली गालिच्यात गुंडाळून ठेवला तर उन्हाळ्यात तापून स्वतःच बंद पडेल. त्याला वारा लागू द्या.

कंपनीची वायर कापू देऊ नका, कप्लर लावून घ्या. आणि पैसे कमी पडत असतील तर सबवूफर पुढच्या वर्षी आणा. आधी दारं भरून घ्या.