यंत्राची ओळख कोणी ठरवायची?

हजेरीपटावर एकाच नावाचे दोन विद्यार्थी आले, की शिक्षक वडिलांचे नाव पाहतात. संगणकाच्या बाबतीत ती सोय नाही. त्याचे नाव मालक हवे तेव्हा बदलतो, जाळ्यातील पत्ताही कायम राहत नाही. मग हाच तो संगणक, हे ओळखावे कशावरून?

युनिक्स कुळात या प्रश्नाचे एक जुने उत्तर १९८३ च्या ४.२ बीएसडी प्रणालीत आढळते. प्रत्येक यंत्रास ३२ बिटांचा एक क्रमांक असावा, त्यास 'होस्टआयडी' म्हणावे, असे ते उत्तर. सन कंपनीच्या यंत्रांत हा क्रमांक बॅटरीवर जगणाऱ्या चिपमध्ये असे आणि विकत घेतलेल्या प्रोग्रॅमांचे परवाने त्याच्याशी बांधलेले असत. काही वर्षांनी बॅटरी संपली, की क्रमांक पुसला जाई आणि रीतसर पैसे मोजलेला प्रोग्रॅम आपल्याच धन्यास ओळखीनासा होई! लिनक्सने हा क्रमांक जाळ्यातील पत्त्यावरून काढण्याची सोय ठेवली. पण डेबियनमध्ये यंत्राचे नाव बहुधा १२७.०.१.१ या अंतर्गत पत्त्याशी जोडलेले असते. परिणामी असंख्य यंत्रे '००७एफ०१०१' हीच ओळख सांगतात. अशी ओळख असून नसल्यासारखीच.

आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत 'मशीन-आयडी' नावाची छोटीशी फाइल असते. तीत १२८ बिटांची, ३२ अक्षरांत लिहिलेली संख्या असते. प्रणाली बसवताना किंवा प्रथम सुरू होताना ती एकदाच, बहुधा यदृच्छेने निवडली जाते. दोघांना चुकून एकच संख्या मिळण्याचे भय जवळजवळ नाही. भय आहे ते माणसाच्या घाईचे. तयार यंत्राच्या शंभर नकला काढताना ही फाइल रिकामी करण्याचे राहून गेले, तर शंभरांची ओळख एकच होते, आणि काही प्रणालींत त्या सर्व नकला जाळ्यातील एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागतात.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ही संख्या गोपनीय समजावी, ती जशीच्या तशी बाहेर पाठवू नये, प्रत्येक प्रोग्रॅमने तिच्यापासून स्वतःपुरती वेगळी संख्या काढावी, असे सिस्टमडीचे कर्ते बजावतात. फाइल मात्र यंत्रावरील कोणालाही वाचता येते! हा उपदेश पाळणे सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या सचोटीवर सोपवलेले आहे. म्हणूनच वापरणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्यासाठी रचलेल्या व्होनिक्स प्रणालीने उलटाच मार्ग धरला. तिने आपल्या सर्व यंत्रांना मुद्दाम एकच क्रमांक दिला आहे.