पटरचा तोल आणि खेळाडूचा हात



गोल्फच्या खेळाचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास सांगितले, तर बहुतेकांस एकच देखावा दिसेल. खेळाडूने काठी खांद्यावरून मागे नेली आहे, अंगास पीळ दिला आहे, आणि पुढच्याच क्षणी चेंडू आकाशात दिसेनासा झाला आहे. हा देखावा मोठा प्रेक्षणीय खरा; परंतु या खेळाच्या हिशेबात त्याचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नाही. अठरा खळग्यांचे मैदान ७२ फटक्यांत पुरे करणे हे प्रमाण मानले, तर त्या ७२ पैकी ३६ फटके, म्हणजे प्रत्येक खळगीस दोन, हिरवळीवरील हलक्या फटक्यांसाठी राखून ठेवलेले असतात. हे फटके ज्या आखूड काठीने मारावयाचे, तिला पटर म्हणतात. चेंडू हवेत उडवावयाचा नाही, फक्त गवतावरून लोटून खळगीत घालावयाचा, इतकेच तिचे काम. शरीरबल येथे लागत नाही. तरीही उत्तम खेळाडूंची भंबेरी उडते ती येथेच. याचे एक कारण खेळाडूच्या मनात असते, दुसरे त्याच्या हातात, आणि तिसरे पटरच्या तोलात. आज आपण या तिसऱ्या कारणाचा विचार करणार आहोत.

हा खेळ आपल्या देशास नवा नाही. इंग्रज व्यापारी व लष्करी अंमलदार यांच्याबरोबर तो येथे आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली निघाला आणि मुंबईचा १८४२ साली. आमच्या नगर जिल्ह्याच्या शेजारी नाशिक शहरात ज्या मैदानास आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे, त्यास जुनी मंडळी अद्यापि 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. तेथे आता क्रिकेटचे सामने होतात, पण नावात मात्र गोल्फ टिकून आहे. खुद्द अहमदनगर, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, हे तर जुने छावणीचे शहर. तथापि आजचा विषय समजण्यास गोल्फच्या मैदानाची मुळीच आवश्यकता नाही. घरातील एक छत्री पुरेशी आहे.

प्रथम अडचण केवढी सूक्ष्म आहे ते पाहू. खळगीचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे तिच्या मध्यापासून काठापर्यंतचे अंतर दोन इंचांहून किंचित अधिक. आता चेंडू दहा फुटांवर आहे असे धरा. पटरचे मुख, म्हणजे चेंडूस लागणारी तिची सपाट बाजू, योग्य दिशेपासून केवळ एक अंश वळली आणि चेंडूनेही तीच दिशा धरली, तर खळगीपाशी पोहोचेपर्यंत तो मध्यापासून दोन इंचांहून थोडा अधिक दूर गेलेला असेल. म्हणजे त्याचा मध्य बरोबर काठावर येईल. तो आत पडेल किंवा काठावरून वळून बाहेर जाईल. दोन अंशांची चूक झाली, तर आशाच नको. चेंडू कोणत्या दिशेस निघणार हे बहुतांशी पटरच्या मुखाच्या रोखावर ठरते. हात कोणत्या रेषेत फिरला याचा परिणाम त्या मानाने पुष्कळच कमी असतो. तेव्हा सारा प्रश्न एवढाच उरतो की, आघाताच्या क्षणी ते मुख सरळ कसे राहावे?

आता छत्री हाती घ्या. वाकड्या मुठीची जुन्या धाटणीची छत्री हवी. ती मिटून, मधला दांडा एका बोटावर आडवा ठेवून तोलून पाहा. तोल सापडताच एक गोष्ट दिसेल: छत्री स्वतःभोवती फिरते आणि तिची वाकडी मूठ जमिनीकडे तोंड करून लोंबते. कुऱ्हाड अशीच बोटावर धरली, तर तिचे पाते खाली येते. कारण उघड आहे. मुठीचे अथवा पात्याचे वजन दांड्याच्या रेषेत नसून एका बाजूस आहे. ते वजन आपला गुरुत्वमध्य खाली नेऊ पाहते. उलट, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला लोहाराचा घण असा कोणत्याही एका बाजूस वळत नाही.

पटरची परीक्षा नेमकी अशीच करतात. तिच्या डोक्याच्या खेळाडूकडील टोकास टाच म्हणतात व दूरच्या टोकास चवडा. दांडा टाचेशी बसविलेला असेल, तर बोटावर ठेवताच चवडा खाली लोंबतो. काही पटरांत सरळ जमिनीकडे, काहींत घड्याळाच्या चार किंवा पाचच्या काट्याप्रमाणे तिरपा. दुसऱ्या जातीच्या पटरांत वजनाची मांडणी अशी केलेली असते की चवडा व टाच समतोल राहतात आणि मुख आकाशाकडे पाहते. पहिलीस आपण चवडा-लोंबती म्हणू आणि दुसरीस समतोलमुखी.

पण खेळताना पटर कोणी बोटावर ठेवीत नाही. मग या परीक्षेचा फटक्याशी संबंध काय? पुन्हा छत्रीकडे वळू. ती उलटी करा; खालचे टोक दोन बोटांत सैल धरा आणि वाकडी मूठ खाली सोडून तिचे तोंड आपल्यापासून दूर करा. ही झाली आपली पटर. आता हात झटकन डावीकडे न्या. दांडा हाताबरोबर गेला, पण मूठ मागे रेंगाळली आणि छत्री बोटांत फिरली. हात उजवीकडे नेला, तर ती उलट दिशेस फिरेल. हाताने ओढले दांड्यास; वजन मात्र दांड्याच्या बाजूला होते. जडत्वामुळे ते जागचे हलण्यास नाखूष असते, आणि त्या नाखुषीचा पीळ बोटांस जाणवतो. चवडा-लोंबत्या पटरमध्ये हेच घडते. काठी मागे नेताना चवडा क्षणभर पुढेच राहू पाहतो. ती चेंडूकडे आणताना तो मागे राहू पाहतो, म्हणजे मुख उघडू पाहते. समतोलमुखी पटरमध्ये वजन मुखाच्या मध्याच्या बरोबर मागे असते. हाताची ओढ व वजन एका रेषेत येतात, म्हणून फटक्याच्या दिशेने ओढताना असा पीळ जवळजवळ उत्पन्नच होत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग चवडा-लोंबती पटर टाकाऊच! पण तसे नाही. खेळाडू चेंडूच्या बाजूस उभा असतो आणि नियमाप्रमाणे पटरचा दांडा उभ्या रेषेपासून निदान दहा अंश कललेला असावा लागतो. त्यामुळे पटर घड्याळाच्या लंबकासारखी सरळ रेषेत न फिरता थोड्याशा कमानीत फिरते. मागे जाताना मुख किंचित उघडते आणि पुढे येताना मिटते. कोणाची कमान मोठी असते, कोणाची अगदी लहान. ज्याच्या मनगटांस पुढे येताना मुख जरुरीपेक्षा अधिक मिटविण्याची खोड आहे, त्याचा चेंडू (तो उजव्या हाताचा खेळाडू असेल तर) डावीकडे जातो. अशा खेळाडूस मागे रेंगाळणारा चवडा आवर घालतो. उलट ज्याचे मुख उघडेच राहते आणि चेंडू उजवीकडे जातो, त्यास तोच चवडा आणखी खड्ड्यात घालतो. त्याने समतोलमुखी पटर घ्यावी हे बरे. तात्पर्य, तोल स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो हाताच्या खोडीस पूरक असतो किंवा मारक असतो.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. वजन दांड्याच्या कोणत्या बाजूस आहे ही एक गोष्ट, आणि ते डोक्यात किती पसरले आहे ही दुसरी. चेंडू मुखाच्या बरोबर मध्यावर न लागता कडेला लागला, तर डोके वळू पाहते. वजन दोन्ही टोकांस नेऊन ठेवले, तर ते वळण्यास अधिक विरोध करते. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेतलेला मनुष्य गर्रकन वळू शकत नाही, तसेच हे. या तत्त्वाचा पटरमध्ये मोठा उपयोग केला तो कार्स्टेन सोलहाइम याने. तो १९११ साली नॉर्वेत जन्मला व अमेरिकेत वाढला. तरुणपणी जोड्यांचा व्यवसाय करून पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एंजिनियर झाला. १९५९ साली कॅलिफोर्नियात आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने टाच व चवडा या दोन टोकांस वजन असलेली पटर बनविली. चेंडूस लागताच ती 'पिंग' असा आवाज करी, म्हणून तिचे नावही तेच पडले.

परंतु त्याच्याही आधी एका पटरने मोठे वादळ उठविले होते. अमेरिकेतील स्केनेक्टडी गावच्या आर्थर नाइट याने दांडा टाचेशी न बसविता डोक्याच्या मध्याजवळ बसविलेली ॲल्युमिनियमची पटर तयार केली. ती घेऊन वॉल्टर ट्रॅव्हिस या खेळाडूने १९०४ साली इंग्लंडात सँडविच येथे ब्रिटिश हौशी खेळाडूंचे विजेतेपद मिळविले. परदेशच्या माणसाने ते न्यावे ही गोष्ट तेथील अनेकांस रुचली नाही. १९१० साली सेंट अँड्रूजच्या नियामक मंडळाने या धाटणीच्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेत मात्र ती चालू राहिली. दोन्हीकडील नियम एक करण्याचे १९५१ साली ठरले, तेव्हा कोठे ही बंदी उठली. पुढे १ जानेवारी २०१६ पासून लांब पटरचे टोक छातीस किंवा पोटास टेकवून फटका मारण्यास मनाई झाली. दोन्ही वेळा वादाचे मूळ एकच होते: फटक्याचे श्रेय हाताचे किती आणि हत्याराचे किती?

हा प्रश्न आजही जागा आहे. बोटावरील परीक्षा दांडा आडवा धरून होते; खेळताना तो तिरपा उभा असतो. म्हणून बोटावर समतोल ठरलेली पटरही खेळण्याच्या स्थितीत किंचित वळू पाहते. ही उणीवही दूर करून, खेळण्याच्याच कोनात पीळ शून्य राहील अशी वजनाची मांडणी केलेल्या पटरी अलीकडे निघाल्या आहेत. २०२५ साली जे. जे. स्पॉन या अमेरिकन खेळाडूने ओकमाँट येथे अशाच एका पटरने शेवटच्या खळगीत सुमारे ६४ फुटांवरून चेंडू घालून अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. हे ऐकून त्याच जातीची पटर विकत आणण्याचा मोह अनेकांस होतो. पण टायगर वुड्सने आपली बहुतेक मोठी विजेतेपदे मिळविली ती चवडा लोंबणाऱ्या पातळ पटरने, हेही विसरता कामा नये.

तोल काय करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी हा आपल्या देशाच्या श्रेष्ठ गोल्फ खेळाडूंपैकी एक. २०१५ साली दक्षिण कोरियात झालेल्या प्रेसिडेंट्स चषकाच्या अखेरच्या दिवशी, अठराव्या हिरवळीवर, प्रतिस्पर्ध्याने लांबून चेंडू आत घातल्यावर लाहिरीस जेमतेम चार फुटांचा फटका मारावयाचा होता. तो हुकला. त्याचा संघ एका गुणाने हरला. इतक्या जवळच्या फटक्यात दोन अंशांची चूकही पचते. तरी तो हुकतो, कारण त्या क्षणी हातावर असणारे ओझे कोणत्याही तराजूत मोजता येत नाही. चांगला तोल हाताचे एक काम कमी करतो, काठीशी झगडण्याचे. हिरवळीचा उतार वाचणे, वेग ठरविणे आणि मन स्थिर ठेवणे ही कामे त्याच्याकडेच राहतात.

म्हणून ज्या घरात मुलगा किंवा मुलगी हा खेळ शिकत असेल, त्या घरच्या मंडळींनी पटर घेण्याची घाई करू नये. दुकानात जाण्यापूर्वी सपाट हिरवळीवर सहा फुटांवरून वीस फटके मारावयास सांगावे आणि हुकलेले चेंडू कोणत्या बाजूस गेले ते कागदावर टिपावे. बहुतेक चुका एकाच बाजूस असतील, तर तोल बदलून पाहण्यात अर्थ आहे; उसनी पटर आणून तेच वीस फटके पुन्हा मारावेत. चुका दोन्ही बाजूंस सारख्याच विखुरल्या असतील, तर दोष तोलाचा नसून सरावाचा आहे, आणि महागातली महाग पटरही तो दूर करणार नाही. नगर जिल्ह्यात उसाच्या फडावर काम करणारा मजूर नवा कोयता घेताना तो आधी हातात तोलून पाहतो. त्यास दिवसभर त्याच कोयत्याने राबावयाचे असते. दुसऱ्याच्या हातास तो कसा बसला याच्याशी त्यास कर्तव्य नसते. पटर घेणाऱ्यानेही हाच विचार करावा.