माळावरचा पुरातन रहिवासी

सासवड-सुप्यापासून इंदापूर-सोलापूरपर्यंतच्या उघड्या माळावर, वाळल्या गवताच्या रंगाचा जो शेलाटा लांडगा मेंढरांच्या वाटेवर घुटमळत असतो, तो आज जगात उरलेल्या सर्वांत जुन्या लांडगाकुळांपैकी एकाचा वारस आहे. हे मी कितीदाही वाचले तरी मन थक्क होते.

शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद झाली तीही दख्खनमध्येच. मुंबई इलाख्याच्या लष्करातले अधिकारी विल्यम साइक्स यांनी 1831 मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, तीत तो आहे. उत्तरेकडच्या लांडग्यांपेक्षा अंगाने लहान, वीसएक किलोचा, विरळ केसांचा. त्याला बर्फ नव्हे, ऊन सोसायचे असते. पुढे त्याला करड्या लांडग्याची उष्ण मुलखातली एक उपजात एवढेच मानले गेले.

मग 2021 मध्ये चार भारतीय आणि दोन तिबेटी लांडग्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून इतर लांडग्या-कुत्र्यांशी ताडून पाहण्यात आले. हे दोघे वंशवृक्षाच्या पार बुंध्याजवळून फुटलेले निघाले. युरोप, सायबेरिया, अमेरिकेतले लांडगे एकमेकांचे भाऊबंद, आणि कुत्रेही त्यांच्याच गोतातले. म्हणजे धनगराच्या वाड्यावर राखण करणारा कुत्रा रक्ताने दूर उत्तरेतल्या लांडग्याला जवळचा, आणि रोज रात्री ज्याच्यावर तो भुंकतो त्या शेजाऱ्याला दूरचा!

असा हा प्राणी एका मोठ्या नावाखाली झाकला गेला होता. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत करडा लांडगा ही जात ‘किमान चिंता’ या गटात बसते, कारण कॅनडा-रशियात तो भरपूर आहे. तिथल्या संख्येने इथली उणीव कशी भरून निघणार? 2023 मध्ये हिमालयी, म्हणजेच तिबेटी, लांडग्याचे आणि 2025 मध्ये भारतीय लांडग्याचे वेगळे मूल्यमापन झाले, तेव्हा दोघेही ‘असुरक्षित’ ठरले. भारतीय लांडगे भारत-पाकिस्तान मिळून तीनेक हजार. आपल्या वाघांहूनही कमी.

वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकेच, पहिल्या अनुसूचीतले संरक्षण आहे. पण वाघाला राखीव जंगल आहे. लांडगा बहुतांशी अभयारण्यांबाहेरच राहतो. त्याचा माळ सरकारी कागदावर ‘पडीक’. तिथे कारखाने येतात, प्लॉट पडतात, बिळे बुजतात. भटक्या कुत्र्यांमुळे रोग पसरतात, आणि पुण्याजवळ तर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले आहे. हजारो वर्षे वेगळे राहिलेले रक्त असे पातळ होऊ लागणे मला शिकारीपेक्षाही भयंकर वाटते, कारण त्यात मेलेला प्राणी दिसतच नाही.

माळरानावर झाडे लावण्याचे पुण्यकार्य कुणी हाती घेतले, तर त्यांना एवढेच सांगा: ती जमीन रिकामी नाही. गवत हेच तिथले जंगल आहे, ते तसेच राहू द्या.