जुनी हायब्रिड मोटार : बचत किती, भास किती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या पुतण्याचा अमेरिकेहून संदेश आला. तो आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. तिकडे नव्यानेच नोकरीस लागलेला. त्याने लिहिले होते, "काका, येथे मोटारीवाचून पाऊल टाकता येत नाही. २०१० सालची एक टोयोटा प्रियस विकाऊ आहे. तितकीच जुनी साधी पेट्रोलची कोरोला दोन हजार डॉलरनी स्वस्त मिळते. सगळे म्हणतात, प्रियस घे, पेट्रोल वाचेल. गाठीला जेमतेम पैसे आहेत. काय करू?"

प्रश्न घरगुती खरा. पण त्याच्या उत्तरात पदार्थविज्ञान व अंकगणित ही दोन्ही शास्त्रे हातात हात घालून येतात. म्हणून तो विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा असे वाटले.

प्रथम ही गाडी चालते कशी ते पाहू. प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेच्या मोटरी व एक मोठी बॅटरी असते. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की चाकांची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन हवेत विरून जाते. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबताच विजेची मोटर जनित्राचे काम करू लागते, आणि त्या ऊर्जेचा बराचसा भाग वीज होऊन बॅटरीत साठतो. पुढे गाडी हलविताना तीच वीज उपयोगी पडते. चौकात गाडी थांबली म्हणजे इंजिनही बंद राहते. घरातील कर्ती बाई ताकाचे भांडे विसळून तेही पाणी कढीत घालते, तसाच हा प्रकार आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जेथे वारंवार थांबावे लागते तेथे ही युक्ती अधिक फळते. सरळ हमरस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीस ब्रेकच क्वचित लागतो, तेव्हा परत मिळवायला ऊर्जा तरी कोठून येणार?

आता आकडे पाहू. अमेरिकन सरकारच्या मापनानुसार २०१० ची प्रियस एका गॅलनमध्ये शहरात ५१ मैल व हमरस्त्यावर ४८ मैल जाते. त्याच सालची स्वयंचलित गिअरची कोरोला शहरात २६ व हमरस्त्यावर ३४ मैल जाते. वर्षाकाठी १२,००० मैलांचा प्रवास आणि गॅलनला साडेतीन डॉलर हा भाव हिशेबासाठी धरू.

सगळा प्रवास शहरात झाला, तर प्रियसला सुमारे २३५ गॅलन व कोरोलाला सुमारे ४६१ गॅलन पेट्रोल लागेल. वाचले २२६ गॅलन, म्हणजे सुमारे ७९० डॉलर. तोच प्रवास हमरस्त्यावर झाला, तर २५० व ३५३ गॅलन. वाचले १०३ गॅलन, म्हणजे ३६० डॉलर. गाडी तीच, मैल तेवढेच, भावही तोच. पण रस्ता बदलताच बचत निम्म्याहून कमी झाली! आणि ज्याची गाडी वर्षातून चार-पाच हजार मैलच धावते, त्याच्या पदरात याहूनही थोडे पडेल.

हा झाला जमेचा रकाना. आता खर्चाचा.

पहिला धाक बॅटरीचा. या गाडीतील बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड जातीची असते. तिच्यात १.२ व्होल्टचे १६८ घट एकामागे एक जोडलेले असून त्यांचा एकूण दाब २०१.६ व्होल्ट होतो. एकसरी जोडणीत एक घट दुबळा झाला की साऱ्या संचास ओढ लागते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते. नवी बॅटरी बसविण्यास अमेरिकेत दोन-चार हजार डॉलर सहज लागतात. तीन हजार धरले, तर शहरी रस्त्यावरची जवळजवळ चार वर्षांची व हमरस्त्यावरची आठ वर्षांहून अधिक काळाची बचत एका दिवसात स्वाहा होते. केवळ दुबळे घटसंच बदलून स्वस्तात दुरुस्ती करून देणारेही भेटतात. परंतु जीर्ण धोतराला नवे ठिगळ लावावे तशी ती गत आहे. शेजारचा संचही त्याच वयाचा असल्यामुळे थोड्याच दिवसांत तोही बसतो.

तथापि बॅटरीची भीती वाजवीपेक्षा अधिक घेतली जाते हेही सांगितले पाहिजे. गाडीतील नियंत्रक यंत्रणा बॅटरी पूर्ण भरूही देत नाही व पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. त्यामुळे तिचे आयुष्य वाढते. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या नियतकालिकाने २०११ साली, दोन लाखांहून अधिक मैल धावलेली २००२ ची प्रियस तपासली. नव्या गाडीने पूर्वी गॅलनमागे ४०.६ मैल दिले होते. या म्हाताऱ्या गाडीने ४०.४ दिले! अर्थात एका गाडीवरून सर्व गाड्यांचे भविष्य वर्तविता येत नाही. बॅटरीस उष्णतेचे वावडे असते. तिला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या आसनाजवळ असते. ती धुळीने वा पाळीव जनावरांच्या केसांनी बुजली, तर बॅटरी अकाली थकते. चार आण्यांच्या झाडलोटीने तीन हजार डॉलर वाचू शकतात, ते असे.

दुसरी गोष्ट इतर दुरुस्तीची. येथे दोन्ही बाजूंनी बोलता येते. प्रियसचे ब्रेक कमी झिजतात. वेगळा स्टार्टर वा अल्टरनेटर तिला नसतोच, तेव्हा तो बिघडण्याचाही प्रश्न नाही. उलट, २०१० च्या सुमारास निघालेल्या या पिढीच्या अनेक गाड्यांत धूर परत इंजिनात नेणारी वाट काजळीने तुंबते व पुढे इंजिनाचे हेड-गॅस्केट जाते, असा अनुभव आहे. ती दुरुस्ती बॅटरीइतकीच महाग पडू शकते. म्हणजे ज्या बॅटरीला लोक भितात ती साथ देते, आणि ज्या इंजिनाकडे कोणी पाहत नाही ते दगा देते! शिवाय या गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणात मौल्यवान धातू असल्याने अमेरिकेत व इंग्लंडात त्याच्या चोऱ्याही पुष्कळ झाल्या आहेत.

मी पुतण्यास हे सर्व लिहिले व विचारले, "तुझा रस्ता कोणता?" उत्तर आले : रोज जाऊन-येऊन ४८ मैल, वर्षाचे २५० दिवस, आणि जवळजवळ सगळा हमरस्ता. मग गणित सोपे झाले. प्रियससाठी जादा द्यावयाचे दोन हजार डॉलर दरसाल ३६० प्रमाणे फिटण्यास साडेपाच वर्षे लागणार. तोवर बॅटरी वीस वर्षांची होणार. त्यातून विकणाऱ्याकडे काजळी साफ केल्याची एकही पावती नव्हती. त्याने कोरोला घेतली.

पण गोष्ट येथेच संपत नाही. त्याच्या खोलीतील सोबती दिवसभर गावातल्या गावात घरपोच जेवण पोचविण्याचे काम करतो. त्यानेही जुनी प्रियस पाहिली. तिची बॅटरी आदल्याच वर्षी बदललेली होती व पावत्या जपून ठेवलेल्या होत्या. त्याने ती घेतली आणि उत्तम केले. त्याचे जादा दिलेले पैसे अडीच वर्षांत फिटतात. दोघांचे निर्णय विरुद्ध, आणि दोन्ही बरोबर!

हा प्रश्न आपल्याकडेही आता दूरचा राहिलेला नाही. २०२२ सालापासून होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा अशा हायब्रिड गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या आहेत. त्यांच्या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या आहेत. काही वर्षांनी त्याच गाड्या जुन्या बाजारात उभ्या राहतील, आणि आपल्या बडोद्यातही कोणी शेजारी म्हणेल, "घेऊन टाका, पेट्रोल वाचेल."

त्या वेळी, मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या व चार प्रश्न विचारा. वर्षाला किती अंतर? कोणता रस्ता? बॅटरीचे वय काय, हमी किती उरली? दुरुस्तीच्या पावत्या कोठे आहेत? आणि गाडी घेतलीच, तर बॅटरीपुरती रक्कम वेगळी काढून ठेवा. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.