पलियाचा सावकाश रस्ता

दर वर्षी १५ जूनच्या सुमारास दुधवा राष्ट्रीय उद्यानाचं फाटक बंद होतं. तराईत पाऊस लागतो, शारदा आणि सुहेली फुगतात आणि नोव्हेंबरपर्यंत जंगल माणसांपासून सुटतं. त्याआधीच्या शनिवारी-रविवारी लखनौच्या गोमती नगरातून हल्ली गाड्या पहाटेच्या अंधारात सुटतात. सीतापूरपर्यंतचा चौपदरी रस्ता, टोलनाका, ढाब्यावर घाईचा चहा. दुपारची सफारी, दुसऱ्या दिवशी सकाळची, आणि रात्री पुन्हा विराम खंड किंवा विपुल खंडातलं घर. सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता त्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

यंदा हे जास्त बोचतं. ऐशबागहून सीतापूरकडे जाणारी मीटर गेज मे २०१६मध्ये ब्रॉड गेजच्या कामासाठी बंद झाली, त्याला आता दहा वर्षं होत आली. तिच्यामागोमाग त्याच वर्षी सीतापूर, लखीमपूर, मैलानी हा पट्टाही थांबला. तराईत सावकाश जाण्याची एक अख्खी रीत त्या वर्षी मोडली.

गोमती नगर ऐंशीच्या दशकात वसू लागलं. खंडांची नावं बहुतेक ‘वि’ने सुरू होणारी, रस्ते रुंद, झाडं लहान, आणि गोमतीकाठी मोकळं रान. लखनौच्या मराठी कुटुंबांची उन्हाळी सुट्टी साधारण ठरलेली असे : पुष्पक एक्सप्रेस, कल्याण किंवा दादर, आजोळ. भातखंड्यांनी १९२६मध्ये उभ्या केलेल्या संगीत महाविद्यालयामुळे आणि पुढे रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेमुळे या शहराशी मराठी माणसाचा संबंध जुना. ज्यांना दक्षिणेला जाता येत नसे, त्यांच्यासाठी उत्तरेची वाट मोकळी होती.

आणि ती वाट त्या दशकात भरलेली होती.

बख्शी का तालाब आणि इटौंजाच्या आमराया मागे पडल्या की सिधौली. पुराणं ऐकलेल्या आजी बरोबर असतील तर गाडी आडवाटेनं नैमिषारण्याला वळायची, चक्रतीर्थाचं स्नान व्हायचं. सीतापुरात दऱ्या बघायच्या. लखीमपूरच्या अलीकडे ओयलला बेडकाच्या पाठीवर उभारलेलं शिवमंदिर. मंडूक तंत्राशी जोडलेलं असं देऊळ क्वचितच कुठे असेल. पुढे गोला गोकर्णनाथ. तिथल्या मळीचा वास कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला लगेच ओळखू येई. मग भीरा, शारदेवरचा पूल, आणि दुधव्याच्या दाराशी पलिया. जेवणाचा डबा, सुरई, लू वाहू लागली की कडुनिंबाखाली दोन तास. कुणालाही दुपारी तीनच्या जिपची वेळ गाठायची नव्हती.

जे गाडीनं जात नसत, ते मीटर गेजनं जात. लखनौहून मैलानीमार्गे जाणारी नैनीताल एक्सप्रेस त्या काळात डोंगरावर जाणाऱ्यांची होती. मैलानीला उतरून पलिया-दुधव्याकडची गाडी पकडणारे थोडे. सालाच्या लाकडासाठी इंग्रजांनी टाकलेला तो रूळ जंगलाच्या पोटातून जातो आणि दुधवा नावाचं स्टेशन त्यावर आहे. खिडकीतून बाराशिंगा दिसत. याच रुळावर हत्तींसह अनेक प्राणी मेले, हेही तितकंच खरं. त्या गाडीबद्दल हळहळताना ते विसरता येत नाही.

त्या काळात दुधव्यात जे घडत होतं, त्यानं या सहलीला वजन आलं. १ फेब्रुवारी १९७७ला राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामागे बिली अर्जन सिंह यांचा हट्ट होता आणि इंदिरा गांधींचा पाठिंबा. सैन्यातून परतल्यावर पलियाजवळ शेती करणारा, एकेकाळी शिकार करणारा हा माणूस जंगलाच्या कडेला ‘टायगर हेवन’ बांधून राहिला. इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून १९७६मध्ये आणलेली तारा ही वाघीण त्यांनी जंगलात सोडली. खीरी जिल्ह्यात वाघाकडून माणसं मारली जाऊ लागली तेव्हा ठपका तिच्यावर ठेवला गेला, मारलेली एक वाघीण ताराच असल्याचं सांगितलं गेलं. बिलींनी ते कधी मान्य केलं नाही. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत दुधव्याच्या वाघांचे केस तपासले, तेव्हा त्यांत सायबेरियन वंशाचे अंश निघाले. म्हणजे ताराची पिल्लं जगली होती, आणि ती मिश्र रक्ताची होती ही टीकाही खरी ठरली. दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं उत्तर मिळालं. पण माणसं का मरत होती, हा प्रश्न एका वाघिणीच्या नावावर टाकून मोकळं होणं अन्यायाचं होतं. बिली १ जानेवारी २०१०ला गेले, तोवर त्यांना पद्मभूषण मिळालं होतं.

१९८४मध्ये आसामच्या पोबितोराहून पाच गेंडे आले, पुढच्या वर्षी नेपाळच्या चितवनातून चार माद्या. नेपाळला त्या बदल्यात सोळा हत्ती गेले. इथून गेंडा नाहीसा होऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती. सोनारीपूरच्या बाजूला २७ चौरस किलोमीटरला कुंपण घालून त्यांना ठेवलं. त्या उन्हाळ्यांत लखनौची पोरं हत्तीच्या पाठीवरून गवतात गेंडा शोधायला शिकली.

नंतरची वर्षं लवकर सांगता येतात. १९८७-८८मध्ये किशनपूरसह व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे कतर्नियाघाट जोडलं, गाड्या बदलल्या, रस्ता रुंद झाला, आरक्षण संगणकावर गेलं.

सर्वांत मोठा तोटा मात्र फाटकाबाहेर झाला. खीरीचा वाघ उसात राहतो, उसात पिल्लं घालतो. जुन्नर-नारायणगावच्या उसातल्या बिबट्यांवरून महाराष्ट्राला ही गोष्ट ठाऊक आहे. इथं उसात वाघ आहे, आणि कापणीला वाकलेल्या माणसाला मागून येणारा तो दिसत नाही. भीऱ्याच्या रस्त्यानं सावकाश जाणारा माणूस गुऱ्हाळाजवळ थांबायचा आणि ही गोष्ट शेतकऱ्याच्या तोंडून ऐकायचा. आता काच वर केलेल्या गाडीतला प्रवासी ‘वाघ दिसला का?’ एवढंच विचारतो, आणि वाघ बहुधा मघाशी त्यानं ओलांडलेल्या फडातच असतो.

भर म्हणून २०२२मध्ये राज्य सरकारनं कुकरैलच्या रानात नाइट सफारी उभारायचं ठरवलं. कुकरैल गोमती नगरापासून जवळ, आणि सत्तरच्या दशकापासून तिथं घडियालांची पिल्लं वाढवून नद्यांत सोडण्याचं मोलाचं काम झालं. त्या रानात दिव्यांचे रस्ते हवेत कशाला? घरापासून अर्ध्या तासावर जंगल दाखवलं, तर उत्तरेची वाट कोण धरणार?

दुधव्यात मात्र नोव्हेंबर २०२४मध्ये गेंड्यांना पहिल्यांदा कुंपणाबाहेर सोडलं गेलं. चाळीस वर्षांनी. आता त्यांच्याही पुढे गवत संपलं की ऊस आहे, आणि मैलानीहून बहराइचच्या दिशेचा रूळ अजूनही मीटर गेजच आहे.